पैसे अडकले की फोन कुणाला? एका नागरी सहकारी बँकेचं प्रकरण

बँक, गाव आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ठेवी, चालू खात्यातली शिल्लक, तक्रारींची संख्या हे आकडे बाहेर जाणार नाहीत या बोलीवर बँकेनं कागद दाखवले. म्हणून बँकेपुरतं काय वाढलं आणि काय घटलं एवढंच सांगतो. रिझर्व्ह बँकेचे नियम आणि तारखा मात्र आहेत तशा.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं तालुक्याचं गाव. एका टोकाला मार्केट यार्ड, दुसऱ्या टोकाला एसटी स्टँड आणि मधे पेठ. या पेठेतल्या व्यापाऱ्यांनीच भागभांडवल गोळा करून ही नागरी सहकारी बँक उभी केली. संचालक मंडळात अडते आहेत, कापडवाले आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ठेवीदार, कर्जदार आणि सभासद इथे बहुधा एकच माणूस असतो. वार्षिक सभेत लाभांशावरून भांडणारे शेठ दुसऱ्या दिवशी सोनेतारणासाठी काउंटरवर हजर.

बँकेचं खरं बळ पिग्मी. संध्याकाळ झाली की एजंट मशीन घेऊन पेठेत शिरतो, दुकानागणिक पन्नास, शंभर, पाचशे गोळा करतो आणि जाता जाता कुणाचा माल अडकला, कुणाच्या मुलीचं ठरलं हेही गोळा करतो. कर्जाचा अर्ज आला की शाखाधिकारी आधी एजंटला विचारतात, मग सिबिल बघतात. हे कुठल्या धोरणात लिहिलेलं नाही, पण चालतं असंच.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि पुढच्या काही वर्षांत पेठेतल्या प्रत्येक गल्ल्यावर क्यूआरचा स्टँड दिसू लागला. छोट्या सहकारी बँका यूपीआयमध्ये सहसा एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसदस्य म्हणून, तिच्या यंत्रणेतून शिरतात. या बँकेनंही तेच केलं. २०२१ मध्ये स्वतःचं मोबाइल ॲपही काढलं. उद्घाटनाला आमदार आले होते, त्याचा फोटो अजून मुख्य कार्यालयाच्या जिन्यात आहे.

ॲप मात्र लोकांनी फारसं उघडलं नाही. त्यांनी बँकेचं खातं मोठ्या खासगी ॲपला जोडलं आणि तिथूनच व्यवहार सुरू केले. देशभर हेच चित्र आहे. यूपीआयचे पाचातले साधारण चार व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपवरून होतात. "फोनपे करतो" म्हणणाऱ्याचे पैसे याच बँकेतून निघतात, समोरच्याच्या याच बँकेतल्या खात्यात पडतात, पण दोघांच्याही तोंडी बँकेचं नाव नसतं.

वर यातून मिळकत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. यंत्रणेचा खर्च मात्र चालूच. मग बँकेनं यात जीव का घालावा? उत्तर चालू खात्यात आहे. व्यापाऱ्याचा गल्ला ज्या चालू खात्यात पडतो तिथली शिल्लक बिनव्याजी असते. बँकेसाठी याहून स्वस्त पैसा नाही. गल्ला दुसरीकडे पडायला लागला की तोच पैसा मुदत ठेवीचं व्याज मोजून आणावा लागतो.

अडचण

२४ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पेठेतल्या मिठाईच्या दुकानात रस्त्यापर्यंत गर्दी. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतंय, "गेले बघा, सातशे वीस." मालकांच्या मोबाइलवर मेसेज नाही. "आले नाहीत अजून, दादा." "अहो, माझे कापले की!" मागून लोक ओरडायला लागले. शेवटी मालकांच्या मुलानं बँकेचा क्यूआर काउंटरवर पालथा घातला आणि ड्रॉवरमधून दुसऱ्या बँकेचा काढून उभा केला. पिग्मी एजंट तेव्हा दारातच होता. त्या दिवशी त्यानं तिथे पिग्मी मागितलीच नाही.

दिवाळीनंतर पेठेतल्या बऱ्याच काउंटरवर हे घडलेलं दिसलं. खातं कुणीच बंद केलं नव्हतं, आणि खरी गोम इथेच होती. बंद करायचा अर्ज आला असता तर निदान शाखाधिकाऱ्यांना कळलं असतं, त्यांनी जाऊन चहा पिऊन समजूत काढली असती. इथे क्यूआरमागचं खातं बदललं गेलं एवढंच. बँकेच्या नोंदीत ग्राहक होता तिथेच होता. शिल्लक तेवढी उतरत होती, आणि ती उतरण हंगामाची म्हणून दोन महिने कुणी मनावर घेतली नाही.

जानेवारीत सरव्यवस्थापकांनी तक्रारवही मागवली. त्यात बहुतेक ठिकाणी एकच नोंद: ॲप चालत नाही. त्यावरून मंडळात निष्कर्ष निघाला की ॲप जुनाट आहे, नवं घ्यावं. पण तक्रार करणाऱ्यांतले निम्मेशिम्मे बँकेचं ॲप वापरतच नव्हते. त्यांच्या लेखी मोबाइलवर जे काही अडतं ते "ॲप". काउंटरवरच्या क्लार्कनं ऐकलं तसं लिहिलं.

खरा धागा हाताला लागला तो एजंटांच्या बैठकीत. एक जुना एजंट म्हणाला, "साहेब, दिवसभर नीट असतं. साडेआठनंतरच बोंब असते." संगणक विभागाच्या अधिकाऱ्यांनी नोंदी काढल्या तर फसलेले आणि लटकलेले व्यवहार खरंच रात्रीच्या एका पट्ट्यात दाटलेले. बँकेची 'डे-एंड' प्रक्रिया तेव्हाच चालायची. शाखांची रोकड जुळली, दिवसाचा हिशेब बंद झाला, की कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर व्याजाच्या आणि इतर नोंदी टाकायला घेतं, आणि तेवढा वेळ बाहेरून आलेल्या विचारणेला उत्तर देत नाही किंवा उशिरा देतं. बँक साडेपाचला बंद व्हायची त्या काळात याचा कुणाला त्रास नव्हता. पेठ मात्र रात्री आठ ते दहा ऐन भरात असते.

अशा वेळी पैसे जातात कुठे? गिऱ्हाइकाच्या बँकेनं रक्कम कापलेली असते. जमा करण्याचा निरोप दुकानदाराच्या बँकेकडे येतो, तिचं उत्तर ठरलेल्या वेळात मिळत नाही, आणि व्यवहार अधांतरी राहतो. दुसऱ्या दिवशी ताळमेळ घालताना दुकानदाराच्या बँकेनं एकतर "जमा केले" अशी खात्री द्यायची (बॅकऑफिसची मंडळी याला टीसीसी म्हणतात) किंवा रक्कम परत पाठवायची. म्हणजे पैसे बुडत नाहीत. पण सातशे वीस रुपयांची मिठाई द्यायची की नाही हा निर्णय मालकाला त्याच मिनिटाला घ्यायचा असतो. खोट्या स्क्रीनशॉटवर माल नेणारेही त्यानं पाहिलेले असतात.

आणि अडकल्यावर फोन करायचा कुणाला? ॲपचं ग्राहक सेवा केंद्र सांगे, तुमच्या बँकेला विचारा. शाखा सांगे, ॲपमधून तक्रार टाका. रात्री नऊला शाखेचा फोन उचलणारं तर कुणीच नव्हतं.

समोरचे पर्याय

फेब्रुवारी २०२३ च्या मंडळाच्या सभेत चार वाटा मांडल्या गेल्या. एका संचालकांनी पाचवीही सुचवली, काहीच करू नये, "ही लाट आहे, ओसरेल." ती कुणी इतिवृत्तात घेतली नाही.

पहिली वाट नव्या ॲपची. एका सॉफ्टवेअर कंपनीनं सादरीकरण केलं होतं: नवा चेहरामोहरा, स्क्रॅच कार्ड, पहिल्या व्यवहारावर कॅशबॅक. तरुण संचालक याच बाजूचे. माझ्या मते ही वाट सुरुवातीपासून बुडीत होती. ज्या व्यवहारावर बँकेला दमडी मिळत नाही त्यावर स्वतःच्या खिशातून बक्षीस द्यायचं, तेही अशा स्पर्धकांसमोर ज्यांना वर्षानुवर्षं तोटा सोसायला गुंतवणूकदार पैसे पुरवतात. शिवाय कॅशबॅकला आलेला माणूस जास्त कॅशबॅककडे जाणारच. त्याला दोष देता येत नाही.

दुसरी वाट व्याजाची: मुदत ठेवीचा दर वाढवा, पैसा येईल. येईल खरा, पण महाग. आणि मिठाईवाल्याचा गल्ला त्यानं परत येत नाही.

तिसरी, बँकेच्या नावाचे क्यूआर आणि मराठीत रक्कम बोलणारे साऊंडबॉक्स दुकानोदुकानी बसवणं. खासगी कंपन्या हे करतच होत्या, आणि त्यांचा हेतू नुसता भाड्याचा नव्हता. दुकानाचा रोजचा गल्ला डोळ्यांसमोर असला की त्यावरून कर्ज देता येतं आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर कापता येतो. पेठेत अशी कर्जं सुरू झाली होती. कॅश क्रेडिट, म्हणजे व्यापाऱ्याला खेळत्या भांडवलासाठी दिलेलं कर्ज, हा या बँकेचा मुख्य धंदा, त्यामुळे धोका नुसत्या शिल्लकेचा नव्हता.

चौथी वाट कुणाला आवडण्यासारखी नव्हती, कारण तिचं उद्घाटन करता येत नाही. डे-एंडच्या वेळेतही जमा स्वीकारली जाईल अशी 'स्टँड-इन' सोय करायची, रात्रीच्या ताळमेळाला माणूस लावायचा, आणि अडकलेल्या पैशांची तक्रार, ती कुणाच्याही ॲपवरची असो, आपली मानायची.

निर्णय आणि कृती

सरव्यवस्थापकांनी तिसरी आणि चौथी वाट एकत्र मांडली, पहिलीला नकार दिला. अध्यक्ष स्वतः मार्केट यार्डातले अडते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "रात्री माझ्या गाळ्यावर पैसे आले नाहीत तर मी कुणाला फोन करायचा, त्याचं नाव सांगा." नाव सांगता येत नव्हतं. मंजुरी मिळाली.

फोनची सोय सर्वात आधी झाली. एक मोबाइल नंबर, सकाळी आठ ते रात्री साडेदहा, उचलणारी दोन माणसं पाळीपाळीनं. त्यांना लिहून दिलेलं होतं की "ॲपला विचारा" हे वाक्य वापरायचं नाही. फोन आला की बारा अंकी व्यवहार क्रमांक घ्यायचा (पेठेत सगळे त्याला यूटीआर म्हणतात), पैसे आत्ता कुठल्या टप्प्यावर आहेत ते बघायचं आणि तेच सांगायचं: "शेठ, पैसे तुमच्या खात्यात यायचेत. उद्या दहाच्या आत पडतील. नाही पडले तर मी फोन करतो." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पूर्वी दुसऱ्यांदा फोन दुकानदारालाच करावा लागे.

नुकसानभरपाईवरून खडाजंगी झाली. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयनं पाठवलेली रक्कम खात्यातून कापली गेली पण समोर जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या भरण्यात पैसे मिळाल्याची खात्री दुकानात पोचली नसेल तर मुदत पाच दिवसांची. आणि ही भरपाई ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न बघता खात्यात टाकायची असते. बँक ती मागेल त्याला देत होती, म्हणजे जवळजवळ कुणालाच नाही. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "न मागता पैसे द्यायचे म्हणजे आपणच आपली चूक गावभर सांगायची." सरव्यवस्थापकांनी परिपत्रकाची प्रत पुढे सरकवली, "साहेब, हा पर्याय नाहीये. तपासणीत निघालं तर उत्तर मला द्यावं लागेल."

भरपाई आपोआप जमा होऊ लागली, सोबत मराठीत मेसेज: अमुक तारखेच्या अडकलेल्या व्यवहाराबद्दल भरपाई १०० रुपये जमा. एका शिक्षिकाबाईंनी तो मेसेज फसवणुकीचा समजून थेट शाखा गाठली. "मी काही मागितलं नाही, मग पैसे का आले? कुणी ओटीपी मागणार असेल." पासबुकातली नोंद दाखवल्यावर पटलं. बाई ही गोष्ट पुढे शाळेत सांगत राहिल्या. बँकेच्या जाहिरातीचं वर्षाचं बजेट मला ठाऊक आहे; या शंभर रुपयांएवढी पोच त्यातल्या कुठल्याच फलकाला मिळालेली नव्हती.

या नियमाचा रोख पैसे कापले गेलेल्या माणसाकडे आहे. रक्कम उशिरा मिळणाऱ्या दुकानदाराला त्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा उपाय काढावा लागला, आणि तो एजंटांनी सुचवला. रात्रीच्या ताळमेळाचं काम सकाळी दहाच्या आत संपवायचं ठरलं होतंच. ज्यांच्या रकमा रात्री उशिरा पडल्या त्यांची यादी एजंटाच्या मशीनवर जाऊ लागली. संध्याकाळी तो पिग्मीच्या पावतीसोबत दुसरी चिठ्ठी काढून देई: काल उशिरा जमा झालेल्या रकमा, वेळ, यूटीआरचे शेवटचे चार अंक. मिठाईवाल्यांनी या चिठ्ठ्या काही दिवस तारेत अडकवून ठेवल्या, वहीशी ताडून पाहिल्या, मग ठेवायचं सोडून दिलं.

एजंट सहजासहजी तयार झाले नव्हते. त्यांचं पोट कमिशनवर. दुकानदार क्यूआरवरून पिग्मी भरायला लागला तर आपलं काय, ही भीती रास्त होती. क्यूआरनं भरलेली पिग्मीही ज्या त्या एजंटाच्या खात्यावर धरायची, कमिशन कापायचं नाही, असा लेखी ठराव झाल्यावरच ते या कामात उतरले. हा ठराव आधी झाला, साऊंडबॉक्स नंतर वाटले गेले. क्रम उलटा असता तर एजंटांनीच पेठेत सांगितलं असतं की हे यंत्र घेऊ नका.

पासबुकाचा एक किरकोळ वाटणारा त्रासही याच वेळी निघाला. दहा-दहा रुपयांच्या यूपीआय नोंदींनी पासबुकं महिन्यात भरत होती, छपाईच्या यंत्रापुढे रांगा लागत होत्या आणि व्यापाऱ्याला जी नोंद हवी ती, म्हणजे मुंबईच्या पार्टीचा आलेला आरटीजीएस, त्या जंगलात सापडत नव्हती. बँकेनं चालू खात्याला दिवसाच्या यूपीआय जमेची एकत्र बेरीज देणारा रोजचा मेसेज सुरू केला. व्यापाऱ्यांच्या तोंडून कौतुक ऐकू आलं ते याचं. स्टँड-इनबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, आणि का काढावा.

मार्च २०२४ चा प्रसंग

३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेला २९ फेब्रुवारीनंतर नव्या ठेवी आणि जमा स्वीकारायला मनाई केली. पुढे ही मुदत १५ मार्चपर्यंत वाढली. पेठेत त्याचं रूपांतर एका वाक्यात झालं: पेटीएम बंद. ज्यांच्या काउंटरवर निळा डबा होता ते सगळे गोंधळले.

एका संचालकांनी फलकाचा मजकूरच लिहून आणला. त्यात "आपले पैसे सुरक्षित बँकेत आणा" असं होतं. धंद्याच्या दृष्टीनं मोह पडण्यासारखीच वेळ होती. पेठेत दोन वर्षं जे कमवायचं ते दोन आठवड्यांत पदरात पडलं असतं. सरव्यवस्थापक तयार झाले नाहीत. त्यांची कारणं मला आजही पटतात.

पहिलं म्हणजे ते खरं नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं १६ फेब्रुवारीच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं होतं की क्यूआर किंवा साऊंडबॉक्सची जमा दुसऱ्या बँकेच्या खात्यात जात असेल तर तो १५ मार्चनंतरही चालेल. "सुरक्षित" या शब्दालाही आधार नव्हता. पेमेंट्स बँकेत एका ग्राहकाची ठेव दोन लाखांपर्यंतच ठेवता येते आणि ठेव विम्याचं संरक्षण पाच लाखांचं. तिथल्या ठेवीदाराची सगळी रक्कम विम्यात बसत होती, उलट या सहकारी बँकेत पाच लाखांवर ठेवी असलेले कितीतरी लोक होते. दुसरं, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून १,००० रुपयेच काढता येत होते. त्या आठवड्यात या बँकेच्या दारातही लोक चौकशीला आले होते. सहकारी बँकेनं निर्बंधांच्या भीतीवर धंदा केला तर ती भीती पुढच्या वेळी कुणाच्या दारात येईल याचा नेम नाही.

शेवटी सूचनाफलकावर साधा मजकूर लागला: तुमच्या क्यूआरची जमा कुठल्या बँकेत जाते ते तपासा, पेमेंट्स बँकेत जात असेल तर खातं बदला, दुसऱ्या बँकेत जात असेल तर काही करायची गरज नाही, तपासता येत नसेल तर शाखेत या किंवा एजंटला विचारा. एजंटांनी दुकानोदुकानी जाऊन मोबाइलवर तपासून दिलं. बऱ्याच जणांना "शेठ, तुम्हाला काही करायचं नाही" असंच सांगावं लागलं, म्हणजे ते गिऱ्हाईक त्या क्षणी हातचं सोडलं. संचालक नाराज होते. एक म्हणाले, "आपण दुसऱ्याच्या ग्राहकाची फुकट सेवा करतोय."

निष्पत्ती

चालू खात्यांची उतरण २०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास थांबली आणि मार्च २०२४ नंतर शिल्लक हळूहळू चढू लागली. मार्चमधला वाटा त्यात किती आणि रात्रीचे व्यवहार सुधारल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळलेले आहेत. रात्रीच्या तक्रारी खूपच कमी झाल्या. तिमाहीअखेरीला, व्याजाच्या नोंदी पडतात त्या रात्री, अजूनही चार-दोन फोन येतात.

बँकेचं स्वतःचं ॲप होतं तिथेच आहे. लोक त्यात शिल्लक बघतात, मुदत ठेवीची पावती बघतात आणि पैसे द्यायला मोठ्या ॲपवर जातात. पुण्याला किंवा चाकणला नोकरीला गेलेली पेठेतल्या घरांतली मुलं परत आलेली नाहीत. त्यांचा पगार ज्या खासगी बँकेत होतो तिथेच त्यांचा व्यवहार. घरी पैसे पाठवताना समोरचं खातं कुठल्या बँकेचं आहे हे त्यांच्या लक्षातही येत नसावं.

मिठाईच्या दुकानात आता दोन क्यूआर आहेत. पुढे या बँकेचा, मागे फळीवर दुसऱ्या बँकेचा. मालकांना विचारलं तर म्हणतात, "एक अडलं तर दुसरं असावं." संचालक मंडळात यावरून थोडी खळखळ झाली, की हा कसला निष्ठावान ग्राहक. मला वाटतं यूपीआयच्या जमान्यात याहून जास्त निष्ठा मागणं हा अडाणीपणा आहे. दोन क्यूआरपैकी पुढे कुणाचा, हेच काय ते मोजायचं. आता एजंट महिन्यातून एकदा आपल्या दुकानांची तशी नोंद करतात: पुढे, मागे, नाही. बँकेकडे असलेला हा सर्वात कामाचा तक्ता असावा.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महागात पडली ती घाई. स्टँड-इनची सोय पूर्ण व्हायच्या आधीच साऊंडबॉक्सची पहिली खेप वाटली गेली, कारण खेप आली होती आणि सभासदांना काहीतरी दाखवायचं होतं. परिणाम असा की पावणेनऊच्या चहाचे चाळीस रुपये डबा साडेदहाला बोलू लागला. आधी दुकानदाराला उशीर मेसेजमधून कळायचा, आता बंद दुकानाशेजारच्या घरात सगळ्यांना ऐकू यायचा. काही जणांनी डबा परत केला आणि नंतर पुन्हा घ्यायला नकार दिला. आधी रात्रीची जमा, मग डबा, हा क्रम पाळला असता तर ती दुकानं हातची गेली नसती.

तक्रारवहीचा नमुना बदलायला फार वेळ लागला. "ॲप चालत नाही" या रकान्याऐवजी वेळ, रक्कम, पैसे कापले की जमा झाले नाहीत, समोरची बँक, एवढे चार रकाने आधीपासून असते तर एजंटाच्या बैठकीपर्यंत थांबावंच लागलं नसतं. हा बिनखर्चाचा उपाय होता.

दूध संस्थांचे सभासद आणि बचत गटांच्या बायका या सगळ्यात राहूनच गेल्या. त्यांची खाती याच बँकेत, दुधाचा दशवडा (दर दहा दिवसांचं बिल) याच बँकेत पडतो, पण त्यातल्या अनेकींकडे साधा फोन आहे. इंटरनेटशिवाय साध्या फोनवरून यूपीआय करायची १२३पे ही सोय मार्च २०२२ पासून उपलब्ध आहे. बँकेनं ती कुणाला दाखवलीच नाही, कारण सगळं लक्ष पेठेवर होतं, मंडळही पेठेचंच.

आणि फोन नंबर दोनच माणसांवर उभा आहे. दोघंही चांगली आहेत, पेठ त्यांना नावानं ओळखते, रात्री दहाला "अहो पाटील" म्हणून फोन येतो. त्यातला एक जण गेल्या वर्षी आजारी पडला तेव्हा आठवडाभर फोन उचलला जात नव्हता आणि जुन्या तक्रारी तशाच्या तशा परत आल्या. तिसरा माणूस नेमायचा प्रस्ताव मंडळापुढे आहे. त्याच सभेत ॲपच्या देखभालीचा करारही नूतनीकरणाला येणार आहे आणि दोन्हींचा वार्षिक खर्च जवळपास सारखा आहे. संचालकांपैकी निम्म्यांना अजूनही ॲप नवं हवंय.